आधी रिंग बदलून बघू!

कुकरची शिट्टी होईनाशी झाली, वाफ बाजूनेच निसटायला लागली, की आपण काय करतो? लगेच नवा कुकर आणतो? छे! आधी झाकण उघडून रिंग बघतो. ढिली पडली असेल तर थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवून बघतो. तरी नाही जमलं, तर बाजारातून नवी रिंग आणतो. पण तळालाच भोक पडलं असेल, तर मात्र रिंगवर पैसे घालत नाही. काय बदलून भागेल आणि काय बदलूनही भागणार नाही, हे आपल्याला बरोबर कळतं. मिक्सरचं पातं, शिलाई मशीनचा पट्टा, गॅसची नळी, सगळ्यांच्या बाबतीत कळतं.

मग मैत्रिणींनो, घरात लॅपटॉपचा विषय निघाला की आपली ही अक्कल कुठे जाते हो? ‘मला नाही बाई त्यातलं काही कळत’ असं म्हणून आपण सरळ स्वयंपाकघरात निघून जातो. निदान मी तरी जात होते. २०२५ च्या मे महिन्यापर्यंत.

झालं असं, की आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीला बार्शीला आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना विषय काढला. “आई, माझा लॅपटॉप पार मेलाय. नवा घ्यावा लागणार.” कितीचा? तर ८२ हजारांचा. गेमिंग लॅपटॉप. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

जुना लॅपटॉपही गेमिंगचाच होता. २०२० मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या, तेव्हा साहेब नववीत होते. ‘अभ्यासाला चांगला वेगवान लागतो’ असं सांगून त्यांनी ५२ हजारांचा घ्यायला लावला होता. चालू केला की कळफलकाखाली लाल दिवे लागायचे. अभ्यासाला लाल दिवे कशाला लागतात, हे मी तेव्हा विचारलं नाही. कळत नव्हतं ना!

आता पाच वर्षांनी तोच लॅपटॉप चालू व्हायला चार मिनिटं घ्यायचा. पंखा तर असा घरघरायचा, की सासूबाई विचारायच्या, “गिरणी चालू केलीस का रे?” बॅटरी अर्धा तासही टिकत नव्हती. गेम खेळताना कळफलक इतका तापायचा, की त्यावर पापड भाजून निघावा. तक्रार खोटी नव्हती.

पैशांचा हिशेब त्याने आधीच करून ठेवला होता. आमची बाराजणींची भिशी आहे, महिना पाच हजारांची. माझा नंबर एप्रिलमध्येच लागला होता. ते साठ आणि वरचे बावीस बाबा देतील. आणि जुन्या लॅपटॉपचं काय? “तो धाकटीला देऊ की! तिला पुढच्या वर्षी बारावी आहे. तिला कामाला येईल.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे म्हणाले, “बरोबर आहे.” सासूबाई म्हणाल्या, “तिचंही काम झालं.” मीसुद्धा ‘हो’ म्हणणार होते. तेवढ्यात धाकटीने ताटातून मान वर न करता म्हटलं, “दादाला नको झाला म्हणून मला मिळतोय. मला हवाय म्हणून कधी मिळणार?”

सगळे गप्प झाले. मला २०२० चं ते घर आठवलं. हॉलमध्ये टेबलावर नवा लॅपटॉप, लाल दिवे, दादाचा वर्ग चालू. आणि आतल्या खोलीत पलंगावर सातवीतली ही, तडा गेलेल्या मोबाईलवर शाळा करतेय. गणिताच्या बाईंनी फळ्यावर लिहिलेलं तिला अर्धंच दिसायचं. ‘त्याची आता दहावी येणार, तुझी तर सातवीच आहे’ असं मीच तिला समजावलं होतं. तिला ते पटलं होतं असं मी पाच वर्षं धरून चालले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून ठरवलं, की भिशीचे पैसे माझे आहेत. ते कुठे जाणार ते मी ठरवणार. आणि ठरवण्याआधी आपण कुकर उघडून बघतो तसा हा लॅपटॉप उघडून बघायचा. नुसता वरून नाही, आतून.

आधी एका दुकानात गेले, जिथे नवे लॅपटॉप विकतात. तिथल्या मुलाने झाकणही उघडलं नाही. “काकू, पाच वर्षांचा लॅपटॉप म्हणजे डबा. यात एक रुपया घालू नका. नऊ हजारांत परत घेतो, नवा घेऊन जा.” त्याचंही चुकलं नाही म्हणा. ज्याला विकायचंय तो विकायचंच सांगणार. साडीच्या दुकानात कोणी ‘जुनीला फॉल लावून घ्या’ असं सांगतं का?

मग एसटी स्टँडजवळच्या बोळात एक मुलगा दुरुस्ती करतो, त्याच्याकडे गेले. चिरंजीव आणि धाकटी दोघांनाही बरोबर नेलं. मी त्याला म्हटलं, “बाळा, मला यातलं काही कळत नाही. पण मला समजेपर्यंत सांग. मी घाईत नाही.” त्याने खालचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि पंख्याकडे बोट दाखवलं. अहो, काय सांगू! पंख्याच्या तोंडाशी धुळीचा नुसता नमदा झाला होता. आपल्या पंख्याच्या पात्यांवर दिवाळीत निघतो ना, तसा.

तो म्हणाला, “काकू, प्रोसेसर तापला, की जळू नये म्हणून आपणहून हळू चालतो. हवाच बाहेर पडत नाही, मग काय करणार? त्या तांब्याच्या पट्टीखाली उष्णता ओढून घेणारी पेस्ट असते, तीही वाळून गेलीय.” म्हणजे निम्मं दुखणं धुळीचंच होतं!

मग त्याने एकेक भाग दाखवला. मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं, तुम्हालाही तसंच सांगते. रॅम म्हणजे आपला ओटा. ओटा जेवढा मोठा, तेवढी भांडी एकाच वेळी मांडता येतात. ओटा लहान असला, की एक उचल, दुसरं ठेव, यातच वेळ जातो. या लॅपटॉपमध्ये आठ जीबीची एक पट्टी होती आणि शेजारची खाच चक्क रिकामी होती. तिथे तशीच आणखी एक बसली, की ओटा दुप्पट. शिवाय दोन पट्ट्या जोडीने कामं उरकतात.

हार्ड डिस्क म्हणजे माळा. सामान भरपूर मावतं, पण काही काढायचं तर शिडी लावा, चढा, शोधा. आत खरोखरची तबकडी फिरत असते आणि एक काटा तिच्यावर माहिती हुडकत असतो. एसएसडी म्हणजे हाताशी असलेलं फडताळ. फिरणारं काही नाही, हात घातला की वस्तू हातात. चार मिनिटं लागत होती ती या माळ्यामुळे.

आणि ग्राफिक्स कार्ड? ती शेगडी. गेममधली चित्रं तिच्यावर शिजतात. पण बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये ही शेगडी ओट्यातच चिणलेली असते. प्रोसेसरचंही तेच. दोन्ही मदरबोर्डवर कायमचे जोडलेले. घरातल्या मोठ्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड काढून दुसरं लावता येतं, लॅपटॉपचं नाही. म्हणजे रॅम, एसएसडी, बॅटरी ही झाली रिंग. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर हा झाला तळ. बघा, एवढंच तर होतं! यात न कळण्यासारखं काय होतं?

आता तुम्ही विचाराल, आमच्या लॅपटॉपचा तळ कसा होता? ठीक होता. प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह, आठव्या पिढीचा. हे मी मुद्दाम सांगतेय. कारण विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे घालायचं, तर इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. आमचा काठावर पास झाला. सातव्या पिढीचा असता तर मी इतक्या आग्रहाने हे लिहिलं नसतं. तुमच्या घरातल्या लॅपटॉपवर पैसे घालण्याआधी हे एक आवर्जून विचारा.

शेगडी मात्र जुनी. जीटीएक्स १०५०, चार जीबीची. आणि चिरंजीवांचं खरं दुखणं तिथेच होतं. मेमध्येच ‘डूम : द डार्क एजेस’ नावाचा गेम आला होता आणि तो त्यांना खेळायचा होता. या गेमला उजेड-सावल्यांचा खराखुरा हिशेब करणारं, रे ट्रेसिंग नावाची सोय असलेलंच ग्राफिक्स कार्ड लागतं. ती सोय जीटीएक्स १०५० मध्ये नाहीच. कितीही रॅम घाला, तो गेम त्यावर चालणार नाही. दुरुस्तीवाल्याने हे स्वच्छ सांगितलं. म्हणून मला त्याचा विश्वास वाटला.

“बघ! मी सांगत होतो ना?” चिरंजीव लगेच म्हणाले.

धाकटी एवढा वेळ कोपऱ्यात मोबाईलवर काहीतरी वाचत उभी होती. ती म्हणाली, “दादा, त्या गेमला ग्राफिक्स कार्डची मेमरी कमीत कमी आठ जीबी पाहिजे असं लिहिलंय. तू ८२ हजारांचा घेतोयस, त्यात आरटीएक्स ४०५० आहे. त्याची सहाच आहे.”

दुरुस्तीवाला हसला. “ताई बरोबर बोलतायत. जेमतेम चालेल कदाचित, पण कंपनी सांगते ती अट त्यातही पुरी होत नाही. आठवाला पाहिजे तर लाखाच्या घरात जाल.”

म्हणजे बघा हं. ज्या गेमसाठी ८२ हजार जाणार होते, त्याची किमान अटसुद्धा त्या नव्या लॅपटॉपमध्ये पुरी होत नव्हती. आणि हे घरात कोणी शोधून काढलं? जिला ‘जुना दे, तिला चालेल’ असं आम्ही सगळे म्हणत होतो तिने.

मी वहीत दोन बाजू केल्या. एका बाजूला गरज, दुसऱ्या बाजूला हौस. कॉलेजसाठी काय लागतं? प्रोग्रॅमिंग, प्रोजेक्टचे रिपोर्ट, ऑनलाइन लेक्चर. त्याला जुना, पण नीट केलेला लॅपटॉप पुरून उरतो. हौस म्हणजे गेम. त्यातही जीटीए फाइव्ह, व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट हे त्याचे नेहमीचे गेम जुन्यावर चालत होतेच. नव्यातले भारी गेम तेवढे चालणार नव्हते. मी गेमच्या विरोधात नाही बरं का. आपण नाही का रोज रात्री मालिका बघत? त्याचाही विरंगुळा आहे, मित्रांची संगत आहे. पण हौसेला मोल नसतं असं म्हणतात, बिल मात्र येतं. ते कोण भरतंय आणि कोणाच्या वाटचं भरतंय, एवढं तरी बघायला नको?

शेवटी दुरुस्ती केली. हिशेब तसाच्या तसा देते. आठ जीबीची रॅम १,९००, एक टीबीची एसएसडी ५,४००, बॅटरी ३,८००, साफसफाई आणि नवी पेस्ट ७००. एकूण ११,८०० रुपये. नव्याच्या किमतीच्या साधारण सातवा हिस्सा. विंडोज ११ साठी वेगळे पैसे पडले नाहीत, कारण दहाची परवानाधारक प्रत होती. जुनी हार्ड डिस्क आतच राहू दिली, फोटो ठेवायला. संध्याकाळी घरी येऊन बटण दाबलं. अर्ध्या मिनिटाच्या आत चालू! सासूबाई म्हणाल्या, “गिरणी बंद झाली वाटतं.”

चिरंजीव खूश झाले का? खरं सांगायचं तर नाही. चार दिवस तोंड पाडून होते. ‘मित्रांकडे सगळ्यांकडे नवे आहेत’ हे पालुपद चालूच होतं. आईला ते बघवत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. दोनदा माझाच निश्चय डळमळला. पण मग मी मनाशी म्हणायची, मुलाचं उतरलेलं तोंड आपल्याला लगेच दिसतं, कारण तो ते दाखवतो. मुलगी ‘चालेल’ म्हणते, म्हणून तिचं दिसत नाही. न दाखवणाऱ्याचं दुःख कमी असतं असं थोडंच आहे?

ते साठ हजार मी बँकेत मुदत ठेवीत टाकले. धाकटीला आर्किटेक्चरला जायचंय. तिथे पुढच्या वर्षांत घराची चित्रं कॉम्प्युटरवर उभी करावी लागतात, आणि त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड खरोखर लागतं. गंमत बघा, गेमिंग लॅपटॉपची खरी गरज घरात निघाली ती तिला! पण पहिल्या वर्षी बरंचसं काम हाताने, ड्रॉइंग बोर्डवर असतं. म्हणून तिचाही आत्ता घाईने घेणार नाही. कॉलेज काय सांगतं ते बघून, ती स्वतः निवडेल तो घेऊ. नवा. खोक्यातला. तिच्या हाताने उघडलेला.

थांबण्याचा तोटाही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, स्वतःचंच कौतुक चाललंय. २०२५ च्या अखेरीस रॅमचे आणि एसएसडीचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर मोठमोठी डेटा सेंटर उभी राहतायत, ती मेमरीच्या चिप ओढून घेतात, मग आपल्या वाट्याला येतात त्या महाग होतात. त्याची झळ नव्या लॅपटॉपलाही लागली. तेव्हा माझे मेमधले दर आज लागू धरू नका, दोन ठिकाणी विचारूनच घ्या. शिवाय आमच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला नव्या गेमसाठीच्या सुधारणा देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं. सुरक्षिततेपुरत्या सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. म्हणजे हा लॅपटॉप काही अमरपट्टा घेऊन आलेला नाही. पण त्याची इंजिनिअरिंगची वर्षं निघतील. माझी अपेक्षा तेवढीच होती.

तर मैत्रिणींनो, मी स्वतःपुरता एक नियम केलाय. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या पाव हिश्श्याच्या आत असेल आणि त्यावर दोन-तीन वर्षं काम निघणार असेल, तर दुरुस्ती. मदरबोर्ड गेला असेल, विंडोज ११ चालणार नसेल किंवा ज्या कामासाठी घ्यायचा त्याला ग्राफिक्स कार्डच नवं लागत असेल, तर मात्र जुन्यात पैसे ओतायचे नाहीत. भोक पडलेल्या कुकरला नवी रिंग घालू नये.

दुरुस्तीला देताना आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. बदललेल्या वस्तूंचं बिल आणि काढलेली जुनी वस्तू मागा. रॅमची पट्टी तुमच्या लॅपटॉपच्याच जातीची हवी, डीडीआर-४ च्या जागी डीडीआर-५ बसत नाही. आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅमही चिकटवलेलीच असते, तेव्हा खाच आहे का ते उघडूनच बघायला सांगा. बॅटरी फुगलेली दिसली, कळफलक किंवा माउसची पट्टी वर उचलली गेली असेल, तर तो वापरणं तिथेच बंद करा, चार्जिंगलाही लावू नका. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

नवाच घ्यायचा ठरला, तरी विचारायचं सोडू नका. रॅम वाढवायला खाच आहे का? एसएसडीला दुसरी जागा आहे का? ग्राफिक्स कार्ड किती जीबीचं आणि किती वॉटवर चालतं? एकाच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये कमी वॉटवर आणि दुसऱ्यात जास्त वॉटवर चालवलेलं असतं. नाव तेच, जोर वेगळा. पाच वर्षांनी रिंग बदलता येईल असाच कुकर घ्या.

आणि शेवटचं. ‘नवा त्याला, जुना तिला’ असं वाक्य तुमच्या घरात कधी निघालं, मग तो लॅपटॉप असो, सायकल असो की अभ्यासाचं टेबल, तर जरा थांबा आणि काम कोणाचं आहे ते विचारा. आमच्या घरात ते वाक्य पाच वर्षं रुळलं होतं आणि ते रुळवणारी मीच होते.

परवा सुट्टीला आलेला चिरंजीव धाकटीला विचारत होता, “ए, माझ्या लॅपटॉपचा पंखा परत आवाज करतोय. काय करू गं?” ती पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, “उघडून बघ. धूळ असेल.”